लॉक-अप क्लचवर संशय आहे? गिअरबॉक्स उतरवण्याआधीची तयारी

ऑटोमॅटिक गाडी साठ-सत्तरच्या वेगाला थरथरते, एवढ्यावरून कुणी गिअरबॉक्स उतरवायला निघालं की मला त्या मालकाची काळजी वाटते. काम मोठं, खर्च मोठा, आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचवरचा संशय कित्येकदा ब्रेक पेडलजवळच्या एका लहानशा स्विचपाशी येऊन संपतो. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमधून जोडणारा भाग, आणि लॉक-अप म्हणजे त्याच्या आतला क्लच, जो स्थिर वेगात दोघांना थेट जोडतो. म्हणून तपासणीला हात घालण्याआधी काय तयार हवं ते क्रमाने सांगतो. हा क्रम मोडू नका. ऑइल आधी काढलं, गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड आधी पुसले किंवा बॅटरी आधी सोडवली, की पुरावा गेलाच म्हणून समजा.

सगळ्यात आधी आपली ऑटोमॅटिक नेमकी कुठली ते पक्कं करा. वॅगनआर किंवा स्विफ्टच्या एएमटीत टॉर्क कन्व्हर्टर नसतोच. तिथे साधा मॅन्युअल क्लच असतो, तो फक्त यंत्र दाबतं. इनोव्हा क्रिस्टा, डिझेल क्रेटा, एक्सयूव्ही ७०० यांच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. होंडा सिटीच्या सीव्हीटीतही (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स) पट्ट्याच्या पुढे टॉर्क कन्व्हर्टर आणि त्याचा लॉक-अप असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गाडीचं मॉडेल, वर्ष, किलोमीटर आणि गिअरबॉक्सचा प्रकार वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

त्याच वहीत लक्षणं लिहा, मालकाच्याच शब्दांत. लॉक-अपचं दुखणं तीन तऱ्हांचं असतं आणि प्रत्येकाची वाट वेगळी. पहिली तऱ्हा म्हणजे क्लच लागतच नाही: सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगात आरपीएम नेहमीपेक्षा दोन-चारशेने जास्त, अ‍ॅव्हरेज कमी, ऑइल तापलेलं. दुसरी, क्लच सुटतच नाही: सिग्नलला थांबताना इंजिन हादरून बंद पडतं, जणू मॅन्युअल गाडीत क्लच न दाबताच ब्रेक मारलाय, न्यूट्रलमध्ये मात्र नीट चालतं. तिसरी म्हणजे थरथर: हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवर, वरच्या गिअरमध्ये, रस्त्यावरच्या रंबलर पट्ट्यांवरून गेल्यासारखं वाटतं आणि दोन-तीन सेकंदांत थांबतं. थंड गाडीत होतं की गरम, चढावर की सपाटीवर, अमुक वेगाला की अमुक रेसला, हे विचारून घ्या. वेगाशी बांधलेली थरथर बहुधा चाकं, टायर नाहीतर प्रोपेलर शाफ्टची असते. लॉक-अपची थरथर लोडशी बांधलेली असते. पाय उचलला की जाते.

मग जुनी बिलं मागा. मला इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण थरथरीच्या किती तरी गाड्यांची गोष्ट ऑइलपाशीच सुरू होते. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं आणि कुठलं भरलं? लॉक-अपच्या अस्तराला, म्हणजे क्लचवरच्या घर्षणाच्या थराला, ऑइलमधल्या घर्षण सांभाळणाऱ्या रसायनाची गरज असते. ते जुनं झालं किंवा दुसऱ्याच दर्जाचं ऑइल पडलं, की अस्तर धरतं-सोडतं, धरतं-सोडतं. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल, पूर्ण एका बदलाला पुरेल एवढं आधी आणून ठेवा. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असा शिक्का असलेला डबा मी घेत नाही. आणि मालकाला आधीच सांगा की ड्रेन प्लगमधून सगळं ऑइल येत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्येच राहतं. म्हणून एका बदलाने थरथर कमी होऊन पूर्ण गेली नाही, तर लगेच निकाल लावायचा नाही.

स्कॅनर हवा, पण कुठला ते महत्त्वाचं. स्वस्त ब्लूटूथचा डोंगल इंजिनचे कोड वाचतो. गिअरबॉक्सचा कंट्रोलर, म्हणजे त्याचा संगणक, वेगळा असेल तर डोंगल बऱ्याचदा आंधळा असतो. टर्बाइनचा (कन्व्हर्टरमधल्या, गिअरबॉक्स फिरवणाऱ्या चक्राचा) वेग, कंट्रोलरने लॉक-अपला दिलेला आदेश आणि ऑइलचं तापमान दाखवणारा स्कॅनर मिळवा, भाड्याने का होईना. कोड आला तर तो आणि त्या क्षणाची साठवलेली माहिती, दोन्हींचा फोटो काढा. पी ०७४१ म्हणजे क्लच नीट लागत नाही, पी ०७४२ म्हणजे अडकून राहिलाय, पी ०७४० आणि पी ०७४३ वायरिंगकडे आणि सोलेनॉइडच्या (लॉक-अपकडे जाणारं ऑइल सांभाळणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हच्या) सर्किटकडे बोट दाखवतात. पी ०७४१ दिसला की कन्व्हर्टर गेला असं समजू नका. सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडीतला (ऑइलच्या वाटा असलेल्या ठोकळ्यातला) झिजलेला व्हॉल्व्ह, कमी ऑइल, यांतलं कुठलंही कारण त्या एका आकड्यामागे असू शकतं.

चाचणीसाठी गाडी रस्त्यावर काढण्याआधी दोन फुकटच्या तपासण्या. मागे एक माणूस उभा करून ब्रेक लाइट बघा. ब्रेक न दाबताही स्विच चालू राहत असेल, तर कंट्रोलरला ब्रेक दाबल्यासारखाच वाटतो आणि तो लॉक-अप लावतच नाही. आमच्याकडे एक डिझेल एसयूव्ही अशीच आली होती, दुसरीकडे कन्व्हर्टर बदलायचं ठरवून दिलेली. पेडलच्या स्विचची जागा नीट केल्यावर ती ठीक होऊन परत गेली. दुसरी तपासणी थर्मोस्टॅटची, म्हणजे कूलंटची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या झडपेची. तो उघडा राहिला तर इंजिन पुरेसं तापत नाही, आणि इंजिन थंड असेपर्यंत लॉक-अप मुद्दाम रोखलेला असतो. दहा-पंधरा किलोमीटर चालूनही कूलंटचं तापमान वर येत नसेल तर आधी तिकडे बघा.

ऑइलची पातळी गाडी सपाटीवर, इंजिन चालू आणि ऑइल ठरलेल्या तापमानाला असतानाच बघायची. आजकाल बहुतेक गाड्यांत डिपस्टिक नसते, ओव्हरफ्लो प्लग असतो: तो उघडला की जास्तीचं ऑइल बाहेर येतं. बऱ्याच गाड्यांत ऑइल चाळीस अंशांच्या आसपास असताना तो उघडतात, नक्की आकडा मॅन्युअलमधून घ्या. त्यासाठी चार घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), हातमोजे, प्लगचा नवा वॉशर आणि पांढरा कपडा हवा. कपड्यावर ऑइल काळं आणि जळक्या वासाचं आलं तर नोंद करा. गुलाबी दुधासारखं आलं तर तिथेच थांबा: रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट शिरलंय, आणि कूलंट क्लचच्या अस्तराचा चिकटा सोडवतं.

आता रस्ता. शहरात लॉक-अप टिकतच नाही, त्यामुळे रिकामा आणि सरळ रस्ता लागतो. पुण्यातून मी पहाटे साताऱ्याच्या दिशेने, खंबाटकीच्या घाटाआधी जो सपाट भाग मिळतो तिथे जातो. माणसं दोन: एक फक्त गाडी चालवणार, दुसरा स्कॅनर बघून लिहिणार. गाडी पूर्ण गरम करा, वेग स्थिर ठेवा. लॉक-अप लागला की आरपीएम एक लहानशी पायरी उतरतं, जणू आणखी एक गिअर पडला. आता अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबा. क्लच पक्का लागला असेल तर आरपीएम गाडीच्या वेगाबरोबरच हळू चढेल, सुटा असेल तर झटकन उडी मारेल. स्कॅनरवर इंजिनचा वेग वजा टर्बाइनचा वेग, म्हणजे स्लिप, बघा. पूर्ण लॉकच्या आदेशात ती शून्याजवळ हवी. नव्या गाड्यांत कंट्रोलर मुद्दाम थोडी स्लिप ठेवतो, म्हणून आदेश काय आहे हे न बघता नुसत्या स्लिपवर बोलू नका.

थरथर सुरू झाली की डाव्या पायाने ब्रेक पेडल नुसतं टेकवा, लाइट लागण्यापुरतं. लॉक-अप सुटतो, त्याच क्षणी थरथर गेली तर संशय पक्का होत जातो. जास्त दाबू नका. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही दाबलेले दिसले की काही गाड्या इंजिनची ताकदच कापतात, आणि तुम्हाला खोटं उत्तर मिळतं. थरथर तरीही राहिली तर मिसफायरचे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याचे, आकडे बघा. खराब कॉइल आणि इंजेक्टर अगदी अशीच थरथर देतात.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक घट्ट दाबून उभ्या गाडीत पूर्ण रेस देण्याची चाचणी, या कामासाठी करू नका. उभ्या गाडीत लॉक-अप लागलेलाच नसतो, त्यामुळे त्याबद्दल काही कळत नाही, ऑइल मात्र सेकंदांत भयंकर तापतं.

परतल्यावर मल्टिमीटर. गाडी गार झाल्यावर सोलेनॉइडचा रोध मॅन्युअलशी ताडा. लिनियर (दाब कमी-जास्त करणाऱ्या) प्रकारात तो पाचेक ओहमच्या घरात असतो, चालू-बंद प्रकारात जास्त. कनेक्टरमध्ये ऑइल चढलंय का, पिना हिरव्या पडल्यात का बघा. त्यानंतरच ऑइल पॅन उघडायचा, नवा गॅस्केट आणि फिल्टर हाताशी ठेवून. मॅग्नेटवरची बारीक करडी पेस्ट नेहमीचीच. चकाकते तुकडे किंवा काळ्या अस्तराचा चुरा दिसला तर फोटो काढून मालकाला दाखवा.

आणि कन्व्हर्टर खरंच बदलायचा ठरला, तर ऑर्डर देतानाच ऑइल कूलरचाही विचार लिहून ठेवा. जुन्या अस्तराचा चुरा कूलरमध्ये आणि पाइपांत साठलेला असतो. तो धुऊन किंवा बदलून घेतला नाही, तर नव्या कन्व्हर्टरमध्ये पहिल्याच दिवशी तोच चुरा जाणार आहे.