कोणता पदार्थ बाधतो, हे एकेक पदार्थ तपासून कसे ओळखावे

जेवणानंतर पोट फुगणे, गुडगुडणे, दिवसातून चार-चार वेळा शौचास जावे लागणे अशा तक्रारी महिनोन्‌महिने चालू राहिल्या की बहुतेक जण आपल्या मनानेच एखादा पदार्थ बंद करतात. थोडे बरे वाटले की तो कायमचा सुटतो, आणि पुन्हा त्रास झाला की दुसऱ्याची पाळी येते. असे करता करता ताटातले पदार्थ कमी होत जातात, पण नेमके काय बाधते ते कळत नाही. पदार्थ सोडून बरे वाटले तर त्याच्यावर संशय घ्यायला जागा होते, इतकेच; तो संशय खरा की खोटा, हे तोच पदार्थ ठरलेल्या मापाने पुन्हा खाल्ल्यावरच ठरते. म्हणून पुढे सांगितलेल्या पद्धतीत पदार्थ सोडण्यापेक्षा तो परत आणण्याला अधिक महत्त्व आहे.

ही पद्धत न सोसणाऱ्या पदार्थांसाठी आहे, ॲलर्जीसाठी नाही. शेंगदाणे, तीळ, काजू, कोळंबी, अंडी, दूध किंवा अन्य काही खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, धाप लागणे असे एकदा जरी झाले असेल, तरी तो पदार्थ घरी कणभरही खाऊन पाहू नये. ती तपासणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावी. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय, किंवा शौचासाठी रात्री झोपेतून उठावे लागणे ही लक्षणे असतील, तर आधी डॉक्टरांकडे जावे. लहान मुले, गरोदर स्त्रिया, मधुमेहाची औषधे घेणारे आणि मुळातच वजन कमी असलेले यांनी आहारतज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून पदार्थ बंद करू नयेत.

गव्हावर संशय असेल, तर गहू सोडण्याआधी सीलिॲक रोगासाठीची (गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करून घ्यावी. या तपासणीत रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडे (शरीराने तयार केलेली संरक्षक प्रथिने) मोजतात; गहू बंद केल्यावर ती हळूहळू उतरतात आणि रोग असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते. याउलट, रक्ताच्या एका नमुन्यावरून शेकडो पदार्थांविरुद्धच्या ‘आयजीजी’ या प्रकारच्या प्रतिपिंडांची यादी देणाऱ्या महागड्या चाचण्यांवर पैसे घालवू नयेत. आपण जे खातो त्याविरुद्धची आयजीजी प्रतिपिंडे निरोगी माणसाच्या रक्तातही सापडतात, आणि युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच या चाचण्या निदानासाठी वापरू नयेत असे स्पष्ट केले आहे.

पहिले एक-दोन आठवडे काहीही न सोडता फक्त नोंद ठेवावी. काय खाल्ले, किती, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला आणि 0 ते 10 या मापावर तो किती होता, एवढे पुरे. त्यासोबत झोप, मासिक पाळी आणि औषधेही लिहावीत. चहाबरोबरची दोन बिस्किटे आणि येता-जाता तोंडात टाकलेला चिवडा हमखास लिहायचा राहतो, आणि उत्तर अनेकदा तिथेच असते. औषधांची नोंद यासाठी की मधुमेहावरील मेटफॉर्मिनसारख्या गोळीनेही जुलाब होतात; मग दोष उगाच दुधावर जातो.

त्यानंतर नोंदीवरून संशयितांची छोटी यादी करावी. आपल्याकडे ती बहुधा दूध, गहू, कांदा, लसूण आणि हरभरा, राजमा, छोले यांसारखी कडधान्ये यांच्यापलीकडे जात नाही. ही मंडळी दोन ते चार आठवडे पूर्ण बंद ठेवावीत. भात, ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी, थोडे मुगाच्या डाळीचे वरण, दुधी, पडवळ, गाजर, अंडी, मासे यांवर हे दिवस सहज निघतात. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत कांदा-लसूण वर्षानुवर्षे असाच सुटतो. फरक इतकाच की तो संपताच सारे एकदम ताटात परत येते, आणि चार महिन्यांच्या संयमातून पोटाविषयी काहीच कळत नाही.

या काळात लपलेल्या घटकांवर लक्ष ठेवावे लागते. डबीतल्या हिंगाच्या पुडीत बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो, तयार मसाल्यांत कांदा-लसणाची पूड असते आणि बऱ्याच गोळ्यांत लॅक्टोज, म्हणजे दुधातील साखर, असते. औषध मात्र त्यासाठी परस्पर बंद करू नये. गिरणीत ज्वारी गव्हावर दळली गेली तर पीठ शुद्ध राहत नाही. सीलिॲकच्या रुग्णाला ते चालणारच नाही. चार आठवड्यांनीही नोंदीतले आकडे खाली आले नाहीत, तर यादीतले पदार्थ दोषी नाहीत असे समजून सगळे पुन्हा सुरू करावेत आणि कारण दुसरीकडे शोधावे.

आकडे उतरले असतील, तर खरी तपासणी आता सुरू होते. एका वेळी एकच पदार्थ घ्यावा आणि तीन दिवस वाढत्या मापाने खावा. दुधासाठी पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा आणि तिसऱ्या दिवशी एक कप, म्हणजे सुमारे 250 मिलिलिटर. गव्हासाठी अर्धी पोळी, मग एक, मग दोन. लसणासाठी पाव पाकळी, अर्धी आणि एक. त्रास झाला तर तिथेच थांबावे. नंतर दोन-तीन दिवस, किंवा पोट पूर्ण शांत होईपर्यंत, संशयित पदार्थ वगळलेल्या आहारावर राहून पुढचा पदार्थ घ्यावा. जो पदार्थ सोसला तोही सर्व तपासण्या संपेपर्यंत पुन्हा बाजूला ठेवावा, नाहीतर पुढच्या निकालात त्याची भर पडते.

पदार्थ शक्य तितका साधा असावा. दूध चहातून घेतले तर चहाचा परिणाम मिसळतो, आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू, हरभरा, उडीद एकत्र असल्याने ते या कामी निरुपयोगी आहे. उपवासाचा दिवसही टाळावा, कारण एरवी न खाल्लेले साबुदाणा आणि शेंगदाणे त्या दिवशी भरपूर पोटात जातात. लसणाच्या बाबतीत एक बारकावा आहे. पोटात वायू धरायला लावणारी त्यातील फ्रुक्टान ही शर्करा पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून तेलात परतून पाकळ्या काढून टाकलेली फोडणी ही तपासणी ठरत नाही, पाकळी खावीच लागते. उलट, पुढे लसूण बाधतो असे ठरले तरी त्या फोडणीचा स्वाद ठेवता येतो.

मनातल्या धास्तीनेही पोट बिघडते. म्हणून ‘बाधतो’ असा निकाल काही दिवसांनी पुन्हा पडताळून पाहावा, आणि जमल्यास घरातल्या कोणाला तरी लसूण वाटून कोणत्या दिवशी वरणात घातला हे न सांगता वाढायला सांगावे. ओस्लो येथील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ग्लुटेन सोसत नाही असे सांगणाऱ्या, सीलिॲक नसलेल्या 59 जणांना ग्लुटेन, फ्रुक्टान आणि दोन्ही नसलेल्या वड्या ओळख न देता खायला दिल्या. सरासरीने अधिक त्रास झाला तो फ्रुक्टानने. फ्रुक्टान गहू, कांदा आणि लसूण या तिन्हींत असते; म्हणून तिन्ही बाधत असतील, तर दोष फ्रुक्टानचा असण्याची शक्यता आधी पाहावी.

निकाल ‘चालते’ किंवा ‘चालत नाही’ एवढाच लिहू नये. कोणत्या मापापर्यंत चालते तेही लिहावे. एक कप दुधाने त्रास होणाऱ्या अनेकांना चहापुरते दूध किंवा वाटीभर ताक सोसते, आणि तुपात तर लॅक्टोज जवळजवळ नसतेच. ज्या मापाला त्रास झाला त्याखाली पदार्थ आहारात ठेवावा, दूध खरोखर कमी करावे लागले तर कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ वाढवावेत, आणि बाधलेला पदार्थ तीन-चार महिन्यांनी त्याच पद्धतीने पुन्हा तपासावा, कारण ही मर्यादा काळानुसार बदलते.