उन्हाळ्यात फुलं बघायला जायचंय? मग पहाटे निघा

फुलं बघायची म्हटलं की सगळे कासचं नाव घेतात आणि पावसाळ्याची वाट बघत बसतात. पण आपल्याकडे झाडांवरचा बहर असतो तो उन्हाळ्यात, साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मे संपेपर्यंत. खाली सगळं वाळलेलं, गवत पिवळं पडलेलं, ओढे कोरडे, आणि मधेच माळावर एखादा पळस असा पेटलेला की गाडी थांबवावीच लागते. मी बरीच वर्षं हे करतोय, जास्त करून मुळशी-भोर बाजूला, कधी कोकणात उतरून, विदर्भात नातेवाइकांकडे गेलो की तिकडे पण. ज्यांना सोबत नेलं ते पुढच्या वर्षी स्वतःहून फोन करतात, यंदा कधी निघायचं म्हणून.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. अंधारात घर सोडायचं, उजाडता उजाडता झाडाखाली पोचायचं आणि साडेदहाला परत फिरायचं, यात तडजोड नको. मी एकदा निवांत नाश्ता वगैरे करून अकराला निघालो होतो, सोबत भाची होती आठ वर्षांची, तिला ऊन लागलं, उलट्या झाल्या, फुलं राहिली बाजूला आणि सगळी दुपार एका शेतातल्या घरी तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत गेली. तेव्हापासून ठरवून टाकलंय. आणि नुसतं उन्हाचंच नाही, सकाळी फुलात मध असतो, पक्षी असतात, दुपारी त्याच झाडाखाली सामसूम.

आता कधी काय फुलतं ते. शिमग्याच्या आसपास तीन झाडं एकदम लाल-केशरी होतात, पळस, पांगारा आणि काटेसावर, आणि लांबून तिन्ही सारखीच वाटतात. जवळ जाऊन खोड बघायचं. पळसाचं खोड वेडंवाकडं, काटा नाही. काटेसावर सरळ उंच वाढते, फांद्या मजल्या-मजल्यांनी निघालेल्या आणि लहान झाडाच्या खोडावर जाडजूड काटे, फूल म्हणजे पाच मांसल पाकळ्यांचा मोठा पेला, खाली पडताना धप्प आवाज येतो. पांगाऱ्याला बारीक काटे आणि फांदीच्या टोकाला लालभडक फुलांचे घोस. एकदा हे डोळ्यात बसलं की चालत्या गाडीतनं पण झाड ओळखता येतं.

पळसाचं एक खाली पडलेलं ताजं फूल उचला आणि बघत बसा. देठाकडची वाटी काळपट तपकिरी, बोट फिरवलं तर मखमल. तिच्यातनं केशरी पाकळ्या निघतात आणि त्यातली एक पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली, आत पराग लपवून ठेवलेली. मग झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर बसायचं, बोलायचं नाही. दहा मिनिटांत मैना येतात, बुलबुल येतात, शिंजीर तर फुलाएवढाच, खारी पण येतात, आणि दुर्बीण असेल तर मैनेच्या कपाळाला लागलेला पिवळा पराग दिसतो, तो घेऊन ती पुढच्या झाडावर जाते, म्हणजे ही सगळी लाली त्या पाखरांना बोलवायलाच आहे. विदर्भात पळस जास्त, शेताच्या बांधाबांधावर. खाली पडलेली फुलं पिशवीभर आणून पाण्यात उकळली की रंगपंचमीला छान केशरी-पिवळा रंग होतो, झाडावरची तोडायची काही गरजच नाही.

मार्चमध्ये कोशिंबाची पालवी बघायला विसरू नका, फुलं नाहीत ती, नवी पानंच लाल असतात, पण कुठल्याही फुलाच्या तोडीची. एप्रिल-मे हा बहाव्याचा. हे झाड शहरात रस्त्याकडेला पण दिसतं, तरी डोंगरउतारावर पानं गळलेल्या रानात एकटा बहावा पिवळे घोस सोडून उभा असतो ते वेगळंच. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस येतो असं गावाकडे म्हणतात. त्याच्याखाली कान देऊन उभे राहा, मोठे काळे भुंगे फुलाला धरून जोरात गुणगुणतात, त्या थरथरीनेच पराग बाहेर पडतो.

मे महिन्यात कोकणात असाल तर ताम्हण शोधा, आपलं राज्यपुष्प, पण कितीतरी जणांनी ते बघितलेलंच नसतं. नदी-ओढ्याच्या काठाला बघायचं. जांभळ्या पाकळ्या, कडेला चुण्या पडलेल्या, इस्त्री न केलेल्या मलमलीसारख्या. माथेरान-महाबळेश्वरला गेलात तर पॉइंट बघत धावू नका, अंजनी बघा, फांदीलाच चिकटून बारीक निळीजांभळी फुलं येतात, निळं शेवाळ धरल्यासारखी. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात म्हणून पायी फिरताना ती सावकाश बघता येते. आणि वासासाठी सुरंगी, वेंगुर्ल्याच्या आरवलीकडे, ती मात्र लवकर, फेब्रुवारी-मार्चलाच. कळी उमलायच्या आत काढतात, तिचे वळेसार म्हणजे गजरे बाजारात येतात, ते जरूर विकत घ्या, फुलं सुकली तरी कपाटात वास राहतो.

सोबत काय न्यायचं? माणशी तीन लिटर पाणी, ताक किंवा कोकम सरबत, भाकरी, कांदा, सुकी चटणी. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, बूट. सेंट-परफ्यूम अजिबात नको, कड्यांवर आणि मोठ्या झाडांवर आग्या मोहोळं असतात, वास किंवा धूर लागला की माश्या उठतात आणि तेव्हा पळायला पण जागा नसते. चहासाठी चूल पेटवू नका, एक ठिणगी आणि अख्ख्या डोंगराला वणवा, हे मी डोळ्यांनी बघितलंय, सकाळी बघून आलेलो पांगारा संध्याकाळी कोळसा झालेला, त्याच्यावर घरटं होतं. चहा थर्मासात न्या. आणि खाजकुयली ओळखून ठेवा, तपकिरी केसाळ शेंगा वेलावर लोंबतात, मखमली दिसतात म्हणून मुलं हात लावतात, मग तासभर रडतात.

अजून एक, मेळघाट-गडचिरोलीकडे गेलात तर मोहाखाली पडलेली फुलं उचलू नका. ती रात्री-पहाटे गळतात आणि माणसं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन येतात, कोणतं झाड कुणाचं ते ठरलेलं असतं, त्यावर घर चालतं. लांबून वास घ्या, विचारून एखादं चाखा, गोड असतं.

आणि बहर नक्की कधी हे नेटवर शोधून काही होत नाही, दर वर्षी आठ-पंधरा दिवस मागंपुढं होतंच. त्यासाठी गावातली ओळख पाहिजे. भाचीला ऊन लागलं त्या दिवशी ज्या मावशींनी आम्हाला पडवीत घेतलं, कांद्याचा रस काढून तिच्या तळपायाला चोळला, त्यांच्या घरामागं बहावा आहे. दर वर्षी एप्रिल लागला की मी त्यांना फोन करतो, भाचीची चौकशी होते, मग त्या परसात जाऊन बघून येतात आणि सांगतात, "आजून कळ्याच हायेत, पुढल्या आयतवारी या."