घरची गाडी घेऊन परगावी निघताना विम्याचा खर्च कसा ठरवावा

पहिल्या नोकरीसाठी कोल्हापूरहून पुण्याला निघालेल्या मुलीला वडील घरची सहा वर्षे जुनी गाडी देतात आणि ‘आता ती तुझ्याच नावावर करून टाकू’ असे त्याच भरात ठरून जाते. आरटीओचे अर्ज भरण्यापूर्वी एक संध्याकाळ विम्याची पॉलिसी वाचण्यासाठी राखून ठेवावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे, कारण पुढील काही वर्षांचा हप्ता बऱ्याच अंशी गाडी कोणाच्या नावावर राहते यावर ठरणार असतो. परदेशात तरुण चालकांना जबर हप्ता भरावा लागतो हे ऐकून अनेक पालक धास्तावतात. आपल्याकडे मात्र हप्त्याचा पाया प्रामुख्याने गाडी हा असतो, चालकाचे वय नव्हे.

पॉलिसीचे दोन भाग वेगळे करून पाहावेत. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या हानीचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 नुसार तो सक्तीचा असून त्याचे दर सर्व कंपन्यांना सारखेच असतात. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या तक्त्यात खासगी मोटारीसाठी 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, त्यापुढे 1500 सीसीपर्यंत 3,416 रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनासाठी 7,897 रुपये असा वार्षिक दर आहे. दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. तो गाडीची विमा किंमत (आयडीव्ही), तिचे वय, इंजिनाची क्षमता आणि नोंदणीचे ठिकाण यांवर अवलंबून असतो. पुणे आणि मुंबई ‘अ’ विभागात येतात, तर कोल्हापूर ‘ब’ विभागात, जिथे मूळ दर थोडे कमी आहेत.

या दुसऱ्या भागावरच नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात सूट मिळते. दावा न केलेल्या वर्षांगणिक तो 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के होतो. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, ही गोष्ट घरोघरी विसरली जाते. वडिलांनी गाडी मुलीच्या नावावर केली, तर त्यांचा 50 टक्के बोनस तिला मिळत नाही. ते कंपनीकडून प्रमाणपत्र घेऊन तीन वर्षांच्या आत स्वतःच्या दुसऱ्या गाडीसाठी तो वापरू शकतात, पण मुलगी शून्यापासून सुरुवात करते. समजा, 1200 सीसीच्या गाडीसाठी स्वतःच्या नुकसानीचा हप्ता 6,000 रुपये आहे. बोनस धरून तो 3,000 होतो, त्यात थर्ड पार्टीचे 3,416 आणि 18 टक्के जीएसटी मिळवला की एकूण सुमारे 7,571 रुपये भरावे लागतात. बोनस नसेल, तर हीच रक्कम 11,111 रुपयांवर जाते. वडिलांना लवकर दुसरी गाडी घ्यायची नसेल, तर गाडी त्यांच्याच नावावर ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. वैध परवाना असलेल्या आणि मालकाच्या संमतीने गाडी चालवणाऱ्या व्यक्तीला नेहमीची खासगी पॉलिसी चालते.

यात एक उणीव मात्र गंभीर आहे. पॉलिसीसोबतचे 15 लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण नोंदणीकृत मालकापुरतेच असते. रोज गाडी चालवणार मुलगी आणि संरक्षण मात्र कोल्हापुरात बसलेल्या वडिलांना, अशी स्थिती होते. म्हणून वाचलेल्या पैशांतून तिच्या नावाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात विमा घ्यावाच. या बाबतीत काटकसर करू नये.

नाव बदलायचेच ठरले, तर हस्तांतरणानंतर 14 दिवसांच्या आत विमा कंपनीला अर्ज द्यावा. आरसी मुलीच्या नावावर आणि पॉलिसी वडिलांच्या, अशा अवस्थेत अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. नोकरी बंगळुरूत असेल आणि गाडी 12 महिन्यांहून अधिक काळ तिथे राहणार असेल, तर तिची तिथे नव्याने नोंदणीही करावी लागते.

हप्ता उतरवण्यासाठी आयडीव्ही मुद्दाम कमी लावून घेऊ नये, कारण गाडी चोरीला गेली तर तेवढीच रक्कम हाती येते. जादा हप्ता भरून घ्यायच्या जोडसंरक्षणांपैकी पुण्यात इंजिन संरक्षणाचा विचार करावा. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा अनेक गाड्या बुडाल्या होत्या, आणि पाण्यात अडकलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात बिघडलेले इंजिन साध्या पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही.

किरकोळ दावा करण्यापूर्वी हिशेब मांडावा. बंपर 4,000 रुपयांचा असेल, तर झिरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापण्याचे जोडसंरक्षण) नसलेल्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागाचा 50 टक्के घसारा आणि मालकाने स्वतः सोसायची 1,000 रुपयांची सक्तीची वजावट जाऊन हाती 1,000 रुपये येतात. त्याच दाव्यामुळे बोनस शून्य होऊन पुढच्याच हप्त्यात, वरच्या उदाहरणाप्रमाणे, सुमारे 3,540 रुपये जास्त जातात.

निघण्यापूर्वी पॉलिसीवरील मोबाइल क्रमांकही तपासावा. तो वडिलांचा असेल, तर नूतनीकरणाचे संदेश कोल्हापुरातच राहतात. मुदत उलटली की गाडीची पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते आणि 90 दिवस उलटले की साठवलेला सारा बोनस जातो. मुलीचा क्रमांक आणि ईमेल कंपनीकडे नोंदवून घ्यावा आणि मुदत संपण्याच्या तारखेसाठी दोघांनीही आपापल्या फोनमध्ये महिनाभर आधीची आठवण लावून ठेवावी.