द्राक्षं चिरडायच्या आधी यीस्ट जिवंत आहे का बघा

न्यू जर्सीत सप्टेंबर लागला की काँकर्ड द्राक्षं येतात, काळी, जाड सालीची, गाडीत ठेवली तर घरी पोचेपर्यंत अख्खी गाडी घमघमते, आणि गणपतीची गडबड आटोपली की आमच्याकडे वाईनचा घाट घातला जातो. यंदा कोणी पहिल्यांदाच करणार असाल तर तयारी उलटीकडून सुरू करा, द्राक्षं आणायच्या दोन दिवस आधी फ्रीज उघडून यीस्टचं पाकीट शोधा. मी एका वर्षी हे केलं नव्हतं. तीन वर्षं जुनं, अर्धं वापरलेलं पाकीट तसंच रसावर भुरभुरलं, तीन दिवस बादली ढिम्म, चौथ्या दिवशी वर पांढरा तवंग आणि नऊ किलो द्राक्षं कचऱ्यात. नवरा अजून ऐकवतो.

तर आधी टेस्ट. अर्धी वाटी पाणी ४० अंशांच्या आसपास कोमट करा, बोट घातलं तर गरम लागेल पण चटका बसणार नाही इतपत, त्यात अर्धा चमचा साखर, वर चिमूटभर यीस्ट, आणि अर्धा तास हात लावू नका. बुडबुडे आणि पावासारखा वास आला की जिवंत. वाईनच्या यीस्टला ब्रेडच्या यीस्टएवढा फेस येत नाही, तेवढ्यावरून घाबरू नका. तारीख उलटलेलं पण सीलबंद आणि फ्रीजमधलं पाकीट बरेचदा चालतं, फोडून ओट्यावर ठेवलेलं असेल तर फार आशा नको. अगदीच मरगळलेलं वाटलं तर उरलेलं सगळं यीस्ट कपभर रसात थोडं पाणी घालून एक दिवस फडक्याखाली ठेवा, नीट फसफसलं तरच बादलीत. आणि मेलंच असेल तर टाकू नका, पाण्यात उकळून, गार करून नवीन यीस्टबरोबर घाला, जिवंत यीस्टला ते खाद्य होतं.

नवीन मिळालंच नाही तर ब्रेडचं यीस्ट चालतं का? चालतं, जात एकच आहे, सॅकरोमायसीस सेरेव्हिसी, फक्त ते पीठ फुगवण्यासाठी निवडलेलं, त्यामुळे जास्त अल्कोहोलमध्ये लवकर दमतं आणि तळाला घट्ट बसत नाही, ओतताना सगळा गाळ वर येतो. म्हणून साखर हात आखडून घाला. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखरेचं एक टक्का अल्कोहोल होतं हा हिशोब धरा, हायड्रोमीटर (रसाची घनता, म्हणजे त्यातली साखर मोजायची नळी) असेल तर वाईन यीस्टला १.०९० आणि ब्रेडच्याला १.०८० आकडा आला की साखर घालणं थांबवा. गॅलनला (पावणेचार लिटरच्या आसपास) एक सपाट चमचा यीस्ट पुरे. बेकिंग पावडर मात्र यीस्ट नव्हे (हो, विचारतात लोक), आणि न्यूट्रिशनल यीस्ट मेलेलंच असतं.

द्राक्षावरची पांढरी भुकटी म्हणजेच यीस्ट, वेगळं कशाला घालायचं, असं कोणी ना कोणी सांगतंच. ती भुकटी बहुतेक मेणच असतं, जंगली यीस्ट असतं थोडंफार पण त्याच्या भरवशावर नऊ किलो कोण लावणार. गंमत म्हणजे ह्याच राज्यात, व्हाइनलँडला, १८६९ मध्ये वेल्च नावाच्या डेंटिस्टने चर्चसाठी ह्याच द्राक्षांचा रस तापवून त्यातलं यीस्ट मारलं, म्हणजे दारू होऊ नये म्हणून, आणि आपण बसलोय कप हातात धरून जिवंत आहे का बघत.

बाकी पटकन. बादली फूड ग्रेडची, दोन तृतीयांशच भरायची, एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न घेणारं बूच) किंवा सैल झाकण, घट्ट बूच अजिबात नको. रसातले जंतू मारायला कॅम्पडेनची (सल्फाइटची) गोळी घातलीत तर २४ तास थांबून मग यीस्ट. बाटलीतला रस वापरणार असाल तर लेबलवर पोटॅशियम सॉर्बेट (टिकवण्यासाठी घालतात ते) आहे का बघा, असेल तर भलं ताजं यीस्टसुद्धा हलणार नाही. आणि इथे अमेरिकेत घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत स्वतःपुरती करता येते, विकायची नाही. वसईच्या मावशीने रेसिपी मागितली तेव्हा मात्र सांगावं लागलं की तिकडे दारूबंदी कायदा १९४९ चा असला तरी अजून लागू आहे, लायसन्स लागतं. ती म्हणाली, आमच्याकडे नाताळला आजीच्या आजीपासून करतात, तू यीस्टचं सांग.

जादा पाकीट फ्रीजच्या दारात ठेवताना त्यावर मार्करने तारीख टाका.