इंग्लंडमधील स्थलांतरित स्त्रियांसाठी साप्ताहिक गट कसा चालवावा

नवऱ्याच्या नोकरीमुळे डिपेंडंट व्हिसावर स्लाऊ, रेडिंग किंवा मिल्टन कीन्ससारख्या शहरात आलेल्या मराठी स्त्रीचा दिवस मुलाला शाळेत सोडल्यानंतर जसा रिकामा होतो, तसाच तो तिच्या रस्त्यावरच्या सिल्हेटी (बांगलादेशातील सिल्हेटकडची), सोमाली किंवा तमिळ स्त्रीचाही होतो. मात्र दोघींची ओळख व्हायला निमित्त मिळत नाही. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, इतर शहरांतही मंडळे आहेत, पण त्यांचे कार्यक्रम साहजिकच गणपती-दिवाळीला आणि शनिवार-रविवारी होतात. मंगळवारी सकाळी घरात एकट्या असलेल्या स्त्रीसाठी वेगळी सोय करावी लागते आणि चार-पाच जणींनी मनावर घेतले तर ती होते. पुढील सूचना इंग्लंडपुरत्या आहेत; स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये आरोग्यसेवेचे काही नियम वेगळे आहेत.

सर्वप्रथम वार आणि वेळ ठरवावी आणि नंतर ती बदलू नये. सकाळी दहा ते बारा ही वेळ उत्तम, कारण तोवर शाळेची सोडासोड झालेली असते आणि दुपारी मुलांना आणायला जाण्यापूर्वी घरचे एखादे कामही उरकता येते. जागा वाचनालयाची, कम्युनिटी सेंटरची किंवा चर्चच्या शेजारच्या हॉलची चालेल. चर्चच्या आवारात यायला कोणाच्या घरून हरकत आहे का, हे मात्र आधी विचारून घ्यावे. बाबागाडी आत जाते का, चहा करण्यापुरते स्वयंपाकघर आहे का आणि व्यायामाच्या वेळी खिडक्यांवर पडदे ओढता येतात का, हे स्वतः जाऊन पाहावे. लहान मुलांसाठी त्याच खोलीच्या कोपऱ्यात सतरंजी आणि खेळणी ठेवली की तान्ह्या बाळाच्या आईलाही येता येते. भित्तिपत्रकांवर फार विसंबू नये. शाळेच्या फाटकापाशी उभे राहून, तिच्या भाषेत बोलणाऱ्या एखादीने केलेले आमंत्रण अधिक उपयोगी पडते. सुरुवातीला तिघीच आल्या तरी तिघींचा चहा व्हावा.

पहिल्या बैठकीत ‘स्वतःचा परिचय द्या’ असे सांगितले, की इंग्रजी कच्चे असलेली स्त्री पुढच्या वेळी येत नाही. त्याऐवजी आपल्या भोंडल्यातली खिरापत कामी येते. प्रत्येकीने झाकण लावलेला डबा आणावा, तो हलवून, वाजवून आणि शेवटी वास घेऊन आत काय आहे ते इतरांनी ओळखावे. ज्या भाषेत जमेल त्या भाषेत ओरडावे. डब्यातला पदार्थ मोदक असो की समोसा, नाव विचारणे, चव घेणे आणि कृती सांगणे एवढ्यात तासभर जातो आणि कोणाला भाषण करावे लागत नाही. डब्यावर मांस, अंडे, शेंगदाणे, जिलेटीन यांची चिठ्ठी असावी, मांस हलाल आहे का हेही लिहावे, आणि रमजानमध्ये हा खेळ टाळून शिवण, मेंदी किंवा बागेतले चालणे घ्यावे. संक्रांतीला तिळगूळ जरूर वाटावा. हळदीकुंकू मात्र माझ्या मते अशा गटात ठेवू नये, कारण मुस्लिम किंवा ख्रिस्ती स्त्रीला ते अवघड वाटू शकते आणि आपल्यातल्याच विधवेला ते आजही बाजूला बसवते.

ओळख झाल्यावर प्रत्येक बैठकीत एक टेबल पत्रांसाठी राखावे. कौन्सिल टॅक्सची (स्थानिक प्रशासनाच्या घरपट्टीची) नोटीस, शाळेच्या सहलीचे संमतिपत्र, रुग्णालयाची तारीख असे जे समजले नसेल ते कागद घेऊन यायला सांगावे आणि तिच्या परवानगीनेच ते वाचावेत. त्याच टेबलावर जीपीला, म्हणजे आपले नाव नोंदलेल्या भागातल्या डॉक्टरला, फोन करण्याची तालीम घेता येते. अनेक दवाखान्यांत त्या दिवशीची वेळ हवी असेल तर सकाळी आठला फोन लावावा लागतो, रांगेत थांबावे लागते आणि मग रिसेप्शनिस्ट काय होते आहे, केव्हापासून, तातडीचे आहे का, असे भराभर विचारते. एकीने रिसेप्शनिस्ट व्हावे, दुसरीने रुग्ण. ‘मला दुभाषी हवा आहे’ हे इंग्रजी वाक्य प्रत्येकीचे तोंडपाठ करून घ्यावे. दुभाषी आरोग्यसेवेकडून विनामूल्य मिळतो, त्यामुळे आईची दुखणी दहा वर्षांच्या मुलाने डॉक्टरला समजावून सांगण्याची वेळ येऊ नये.

जीपीकडे नाव नोंदवण्यासाठी पत्त्याचा पुरावा किंवा व्हिसाची कागदपत्रे सक्तीची नाहीत आणि केवळ ती नाहीत म्हणून नोंदणी नाकारता येत नाही. सरकारी दवाखान्यात गेल्यास व्हिसा अडचणीत येईल ही भीती मी सुशिक्षित स्त्रियांमध्येही पाहिली आहे. वास्तविक त्यांच्या कुटुंबाने व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेला असतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढ व्यक्तीला वर्षाला १,०३५ पौंड आहे. व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट असली तरी तिच्यात भत्ते आणि कौन्सिलचे घर येते, आरोग्यसेवा आणि सरकारी शाळा येत नाहीत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचे बोलावणे २५ ते ६४ या वयात येते आणि ते पत्र न वाचताच रद्दीत जाते, म्हणून एखाद्या सकाळी परिचारिकेला बोलावून तपासणी कशी होते हे दाखवायला सांगावे. तपासणी स्त्रीनेच करावी अशी मागणी करता येते. ऑक्टोबर ते मार्च सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम ‘ड’ जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, आणि सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या तसेच अंग झाकून वावरणाऱ्या व्यक्तींनी वर्षभर, असा सरकारी सल्ला आहे. मन उदास राहत असेल, तर जीपीकडे न जाताही टॉकिंग थेरपीज या बोलण्यातून उपचार करणाऱ्या सरकारी सेवेकडे स्वतः अर्ज करता येतो. ‘मानसिक आरोग्य’ असा विषय जाहीर केला, तर खुर्च्या रिकाम्या राहतात. ‘झोप लागत नाही’ या विषयावर बोलायला मात्र सगळ्या येतात.

आपण कुठे थांबायचे, हेही ठरलेले असावे. इमिग्रेशनविषयक १९९९ च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीने व्हिसाविषयी सल्ला देणे हा गुन्हा आहे, मग तो फुकट आणि कितीही चांगल्या हेतूने दिलेला असो. सॉलिसिटर किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला सल्लागार गाठून द्यावा आणि बाजूला व्हावे. घरातील मारहाणीची गोष्ट कानावर आली, तर नवऱ्याशी बोलून मिटवू अशी आपल्याकडची सवय इथे धोक्याची ठरते. नॅशनल डोमेस्टिक अब्यूज हेल्पलाइन ०८०८ २००० २४७ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य आहे. संकटात बोलता येत नसेल, तर मोबाइलवरून ९९९ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लावून सूचना मिळताच ५५ दाबावे. मात्र त्यामुळे ठिकाण आपोआप कळतेच असे नाही. हे क्रमांक स्वच्छतागृहाच्या दाराला आतून चिकटवावेत, कारण ती एकटी असते ती जागा तीच. सर्वांचा व्हॉट्सॲप ग्रुप करू नये. प्रत्येकीचा क्रमांक सगळ्यांना दिसतो आणि काहींचे फोन घरात तपासले जातात. ब्रॉडकास्ट यादी बरी, पण ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच तिचा निरोप पोहोचतो. हजेरीला नावापुरती नोंद पुरे, पासपोर्टची प्रत कधीही मागू नये.

पैशांसाठी नॅशनल लॉटरीच्या अवॉर्ड्स फॉर ऑल योजनेत ३०० ते २०,००० पौंड मागता येतात. त्यासाठी गटाची लेखी घटना (नियमावली), परस्परांचे नातेवाईक नसलेल्या किमान दोघी कार्यकारिणीत आणि दोघींच्या संमतीने चालणारे बँक खाते असावे लागते. याशिवाय सार्वजनिक दायित्वाचा विमा आणि सुरक्षिततेचे लेखी धोरणही करून ठेवावे. अर्जात बसभाड्याची तरतूद अवश्य करावी. ती विसरली जाते आणि दूरची स्त्री त्याच कारणाने गळते.

उन्हाळ्याची शाळेची सुट्टी सुमारे सहा आठवड्यांची असते आणि मुले घरी असल्याने हॉलमधला गट तेव्हा चालत नाही. जुलैच्या आरंभीच जवळची एखादी बाग ठरवून त्याच वारी, त्याच वेळी मुलांसह तिथे जमावे, पाऊस आला तर वाचनालयाच्या मुलांच्या विभागात बसावे, आणि सप्टेंबरमधल्या पहिल्या बैठकीची तारीख जुलैमध्येच प्रत्येकीच्या हातात लिहून द्यावी.