रक्त वाढत नसेल तर गव्हाकडेही बघा

माझ्या लेकीचं पोट कधी दुखलं नाही, जुलाब तर नाहीच. दोन वर्षं लोहाच्या गोळ्या चालू होत्या, तरी हिमोग्लोबिन ८च्या वर जाईना. सहावीत घेतलेला शाळेचा स्कर्ट आठवीतही गुडघ्याखालीच येत होता. सगळे म्हणायचे, बारीक चण आहे. निघाला सिलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार.

यात गहू-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. लोह शोषलं जातं आतड्याच्या सुरुवातीला, आणि झिजतो मुख्यतः तोच भाग. गोळ्या पोटात जात होत्या, रक्तात पोहोचत नव्हत्या.

म्हणून लोह घेऊनही रक्त वाढत नसेल, मुलाची उंची थांबली असेल, पाळी लांबली असेल, तोंड सारखं येत असेल, कमी वयात हाडं ठिसूळ झाली असतील किंवा कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड उठत असतील, तर डॉक्टरांना सिलिअ‍ॅकबद्दल स्पष्ट विचारा. टाइप १ मधुमेह असेल तर नक्कीच.

तपासणीआधी पोळी अजिबात बंद करू नका! गहू सोडला की रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. माझ्या जाऊबाईंनी ऐकीव माहितीवर गहू सोडला होता. तपासणीसाठी त्यांना कित्येक आठवडे पुन्हा पोळ्या खाव्या लागल्या. रक्ताची टीटीजी-आयजीए चाचणी करतात, सोबत एकूण आयजीए (रक्तातलं एक प्रतिकारक प्रथिन) हेही मोजून घ्या; ते मुळातच कमी असेल तर पहिली चाचणी फसवते. मग गरजेप्रमाणे दुर्बिणीतून आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासतात.

निदान झालं की गहू-जव कायमचे बंद. भाकरीवर वाढलेल्या घराला ते जड नाही: ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई आहेच. घात होतो तो गिरणीत. गव्हाच्या मागोमाग ज्वारी टाकली की जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं. आम्ही घरघंटी घेतली, तिच्यात गहू कधीच पडत नाही. दुसरा चोर म्हणजे हिंग. बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो, डबीवरचे घटक वाचा. मेतकूट आणि थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो. पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा, पुऱ्यांच्या तेलात पापड तळू नका.

आठ महिन्यांत तिचं हिमोग्लोबिन १२ झालं. स्कर्ट नवा घ्यावा लागला.

सख्ख्या भावंडांची, आईवडिलांचीही तपासणी करावी. धाकट्याचा रिपोर्ट नॉर्मल आलाय, पण काही वर्षांनी त्याची पुन्हा करायची आहे.