पुण्याची एक गल्ली घ्या: शहराचा बदलता स्वभाव नोंदवण्याची पद्धत

पुणं बदललं की नाही यावर लोकांची मतं गोळा करायला बसलात तर वही दोन दिवसांत भरेल आणि हाती काही लागणार नाही. स्वतःच्या शहराबद्दल बोलताना माणसं ठरलेली वाक्यं बोलतात. कुणी म्हणतं, पूर्वी शेजारधर्म होता, आता कुणाला वेळ नाही. कुणी म्हणतं, पूर्वी फार सोवळंओवळं होतं, आता तसलं काही राहिलं नाही. यातलं एकही वाक्य तपासता येत नाही. तपासता येतात त्या गोष्टी वेगळ्या: दारावर काय लिहिलंय, दुकान किती वाजता बंद होतं, भाड्याने घर मागणाऱ्या कुणाला नकार मिळतो, लग्नाच्या जाहिरातीत कुठली अट असते. दोन-तीन माणसं शनिवार-रविवार देणार असतील तर एका गल्लीचं काम साधारण तीन महिन्यांत होतं.

गल्ली कुठली घ्यायची

दीडशे-दोनशे मीटर लांबीची, चाळीस ते साठ दारं असलेली गल्ली घ्या. याहून लहान घेतली तर एका कुटुंबाच्या लहरीलाच पेठेचा स्वभाव समजून बसाल. मोठी घेतली तर काम अर्ध्यावर सुटतं.

एकच गल्ली मात्र घेऊ नका. सदाशिव, नारायण आणि शनिवार या पेठा म्हणजे पुणं, असं मानून केलेली नोंद पहिल्याच पायरीला चुकते. दुपारची झोप, खोचक पाटी आणि शुद्धलेखनाचा आग्रह ही पश्चिमेकडच्या पेठांची ओळख. नाना पेठ, भवानी पेठ, मंगळवार, रविवारातली बोहरी आळी, कॅम्प, खडकी यांची चालरीत कधीच तशी नव्हती. महात्मा फुल्यांचा वाडा गंज पेठेत होता आणि मुलींची शाळा १८४८ साली बुधवारातल्या भिडेवाड्यात भरली. दोन जागांमधलं अंतर चालत पार होण्याएवढं, पण सामाजिक अंतर केवढं होतं, ते नकाशात दिसत नाही. म्हणून एक गल्ली पश्चिमेची, एक पूर्वेची घ्या. दोन्हीकडे एकाच नमुन्याचा कागद वापरा.

आधीची नोंद मिळवणं

बदल मोजायचा तर दोन टोकं लागतात, आणि आधीचं टोक शोधण्यात कामाचा निम्मा वेळ जातो.

नगर भूमापन कार्यालयातून गल्लीतल्या मिळकतींची प्रॉपर्टी कार्डं काढा. सिटी सर्व्हे नंबर (मिळकतीचा नगर भूमापन क्रमांक) माहीत असला की पुरे. कार्डावरच्या फेरफार नोंदींतून मालकी कधी आणि कुणाकडे गेली ते कळतं. पण कार्डावर फक्त मालक असतो. वाड्यांत राहणारे बहुतेक लोक भाडेकरू होते आणि त्यांचं नाव तिथे सापडणार नाही. त्यासाठी जुन्या मतदार याद्या लागतात. त्यांत घर क्रमांकानुसार नावं असतात, म्हणून एका घरात कोण किती वर्षं टिकलं ते जुळवता येतं. ही नावं स्वतःच्या कामापुरतीच ठेवा, प्रसिद्ध करू नका.

शहराच्या पातळीवर गोखले अर्थशास्त्र संस्थेत अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी १९३० च्या दशकात केलेली पुण्याची पाहणी आहे. तिच्यातले प्रश्न वाचा आणि जमतील तिथे तेच शब्द वापरा, म्हणजे तुलना करता येईल. जनगणनेचे आकडे वापरताना सावध राहा. महापालिका हद्दीची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे २५.४ लाख होती, २०११ मध्ये ३१.२ लाख झाली. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं हद्दीत आली. तेव्हा पुढच्या जनगणनेतलं 'पुणे शहर' हे २०११ चं शहर नसेल. शहरभराची टक्केवारी शेजारी-शेजारी मांडून 'पुणेकर बदलला' म्हणू नका.

पाट्या

गल्लीतल्या एकूण एक पाटीचा फोटो घ्या. गमतीची तेवढी टिपायची आणि 'नो पार्किंग'चा छापील पत्रा सोडून द्यायचा, ही इथली सर्रास होणारी चूक. मोबाईलवर फिरणाऱ्या पाट्या नोंदीत घेऊ नका, त्यांतल्या किती खऱ्या ते कळायला मार्ग नसतो. उपाहारगृहात शोभेला लावलेल्या 'पुणेरी' पाट्यांची वेगळी यादी करा. त्या विकण्यासाठी केलेल्या असतात.

प्रत्येक पाटीपुढे पाच गोष्टी लिहा: भाषा, कुणाला उद्देशून आहे, क्रियापद कसलं ('लावू नये', 'लावू नका', 'लावल्यास हवा सोडली जाईल'), कारण दिलंय का, आणि धमकी आहे का. शंभर पाट्या झाल्या की फरक दिसू लागतो. जुन्या पाटीत बहुधा घरमालक अनोळखी माणसाशी वाद घालत असतो. त्याला समजावतो, टोमणा मारतो, कारण सांगतो. सोसायटीच्या नव्या पाटीत बोलणारा कुणी माणूसच नसतो: 'हा परिसर सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहे.' या प्रकारात सगळ्यात बारकाईने पाहायची ती लिफ्टजवळची पाटी. घरकामाच्या बायकांनी आणि डिलिव्हरीच्या मुलांनी दुसरी लिफ्ट वापरावी असं तिथे लिहिलेलं असेल, तर तारखेसह नोंद करा. शिवाशिवीचा प्रश्न कधी मिटला, असं पुढे कुणाला विचाराल तेव्हा ही नोंद हाताशी हवी.

दुकानांच्या नावाच्या पाट्यांवरून मराठीचं प्रेम मोजू नका. मराठी पाटीची सक्ती मार्च २०२२ च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही लागू झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली. त्यानंतर देवनागरी पाट्या वाढल्या त्या कायद्यामुळे. जुन्या फोटोत २०२२ च्या आधीची पाटी सापडली तर तिचं मोल जास्त.

वेळा

एका मंगळवारी आणि एका रविवारी, सकाळी सात, दुपारी दीड, दुपारी चार आणि रात्री साडेनऊला गल्लीतून चाला. उघडी आणि बंद शटर मोजा. दुपारी एक ते चारच्या सुट्टीची सगळीकडे चेष्टा होते, पण तिचं कारण कुणी विचारत नाही. मालक दुकानामागच्या किंवा वरच्या घरात राहतो, दुकान घरची दोन माणसं चालवतात, पहाटे उघडलेलं असतं. अशा ठिकाणी दुपारी घरी जेवून आडवं होणं हा सरळ हिशोब आहे. मालक कर्वेनगरला राहायला गेला आणि गल्ल्यावर पगारी माणूस बसला की दुपारी घरी जाता येत नाही आणि बंद ठेवण्यात अर्थ राहत नाही. म्हणून प्रत्येक दुकानदाराला दोनच प्रश्न विचारा: घर कुठे आहे, आणि दुपारची सुट्टी कुठल्या वर्षी बंद झाली. उत्तरं शेजारी-शेजारी ठेवली की आळस, शिस्त, पुणेरी बाणा वगैरे स्पष्टीकरणांतली किती गळून पडतात ते दिसेल.

लग्नाच्या जाहिराती

सामाजिक दृष्टिकोन मोजायला याहून चांगलं साधन मराठीत क्वचितच असेल. एकाच दैनिकाच्या रविवारच्या अंकातल्या जाहिराती घ्या. तुळशीच्या लग्नानंतरचा दुसरा रविवार धरा, कारण तेव्हा हंगाम सुरू झालेला असतो. १९५५, १९७५, १९९५ अशी वीस-वीस वर्षांची अंतरं ठेवा आणि प्रत्येक वर्षाच्या शंभर जाहिराती घ्या. जुने अंक मोठ्या ग्रंथालयांत किंवा वृत्तपत्राच्या कार्यालयात मिळतात. जाण्याआधी परवानगीचं पत्र द्या.

प्रत्येक जाहिरातीपुढे खुणा करा: जात, पोटजात, पत्रिका, वर्ण, मुलीची नोकरी, पगाराचा आकडा, घटस्फोटित किंवा विधवा चालेल का, 'आंतरजातीय चालेल' असा उल्लेख. दोघांनी वेगवेगळं बसून त्याच वीस जाहिरातींवर खुणा कराव्यात. सोळापेक्षा कमी जुळल्या तर व्याख्या नीट झालेल्या नाहीत. त्या पुन्हा लिहा.

इथे तीन ठिकाणी घसरायला होतं. पहिलं, जाहिरातीचे पैसे शब्दांवर असतात, त्यामुळे न लिहिलेली अट नसतेच असं नाही. 'कोब्रा' (कोकणस्थ ब्राह्मण), 'देब्रा' (देशस्थ ब्राह्मण), '९६ कुळी' (मराठा) हे एका शब्दात बरंच सांगतात, आणि कित्येकदा आडनावच पुरतं. दुसरं, २००० नंतर बरीच स्थळं संकेतस्थळांवर गेली. कागदावर उरलेले जाहिरातदार वयाने, वर्गाने वेगळे आहेत. २०१५ च्या अंकात जात कमी दिसली तर ती मनातून गेली की कागदावरून, ते ठरवता येत नाही. तिसरं उलट दिशेचं: संकेतस्थळाच्या अर्जात जातीचा रकाना आधीच असतो, त्यामुळे एरवी जात न लिहिणाराही तो भरतो. म्हणून छापील जाहिरातींची तुलना छापील जाहिरातींशीच करा आणि १९९५ नंतरच्या निष्कर्षांवर भार टाकू नका.

मुलाखती

गल्लीमागे बारा ते पंधरा घरं पुरतात. 'तुम्ही जात मानता का?' असा प्रश्न कधीही विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे. घडलेली गोष्ट विचारा:

- कामाच्या बाईंचा चहाचा कप वेगळा होता का? तो कधीपासून एक झाला?
- घरातली नोकरीला जाणारी पहिली सून कोण?
- जातीबाहेरचं पहिलं लग्न कधी झालं? त्या लग्नाला कोण आलं नाही?
- भाडेकरू म्हणून शेवटचं कुणाला नाही म्हणालात?

साल कुणालाही नीट आठवत नाही, म्हणून खुंट्या द्या. पानशेतचा पूर (१२ जुलै १९६१), कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७), ७२ चा दुष्काळ, सिंहगडावरून टीव्ही दिसू लागला ते १९७३, आणीबाणी, २०२० चा लॉकडाऊन. 'पानशेतच्या आधी की नंतर?' विचारलं की वय झालेली माणसं चटकन सांगतात. दाराला लोखंडी जाळी कधी बसली, असं विचारलंत तर घरात शिरून माणसं मारली गेली त्या जोशी-अभ्यंकर खुनांच्या १९७६-७७ च्या दहशतीचं नाव निघण्याची शक्यता बरीच. नाव निघालं तर संध्याकाळी दार उघडं ठेवण्याची रीत त्याआधी होती का, हेही लगेच विचारून घ्या.

घरमालकांशीच बोलून थांबलात तर अर्धं चित्र मिळेल. नकार दिलेल्याला तो आठवत नाही, मिळालेल्याला आठवतो. म्हणून निदान चार मुलाखती पलीकडच्या बाजूच्या हव्यात: घरकाम करणारी बाई, शिकायला आलेली एकटी मुलगी, आडनाव सांगितल्यावर फ्लॅट हातचा गेलेलं मुस्लिम किंवा दलित कुटुंब, आणि भाड्याने घरं देणारा एजंट. मालक तोंडावर बोलत नाही ती अट एजंटला सांगतो.

माणसं बदलली की बदलून दुसरी आली?

हा हिशोब केला नाही तर वरची सगळी मेहनत भलत्याच निष्कर्षाला जाते. प्रत्येक दारापुढे लिहा: १९९० पासूनचं कुटुंब, की नंतर आलेलं. मग प्रत्येक गोष्ट दोन गटांत वेगळी मोजा.

समजा, ५० घरांची गल्ली आहे. १९९० मध्ये मांसाहारी भाडेकरू नको म्हणणारी ४० होती, आज २० आहेत. निम्मा फरक, मोठाच बदल वाटतो. आता फोड करा. जुनी २५ कुटुंबं उरली आहेत; त्यांतली तेव्हा २० नको म्हणत, आज १८ म्हणतात. नव्या २५ मध्ये नको म्हणणारी २. म्हणजे मत बदललेली घरं दोनच. बाकीचा फरक जुने गेल्यामुळे आणि नवे आल्यामुळे पडला. आणि गेलेले कुठे गेले? कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगरातला नवा पत्ता मिळवा आणि त्या सोसायटीत भाडेकरूंबद्दल काय नियम आहेत ते वाचा. पेठेतून नाहीशी झालेली अट तिथे जशीच्या तशी सापडली तर ती बदलली नाही, तिने फक्त पत्ता बदलला.

जाण्याचं कारणही लिहा, कारण ते अनेकदा कायद्यात सापडतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने वाड्यांची भाडी गोठली. भाड्यातून दुरुस्ती निघेना, वाडे खचले, आणि पुढे फ्लॅट झाले. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढीची सोय केली, तोवर बऱ्याच वाड्यांचा निर्णय झालेला होता. चौक, सामायिक नळ आणि एकच दिंडीदरवाजा गेला, तशी रोज एकमेकांच्या नजरेखाली राहण्याची सक्तीही गेली. शेजारधर्म आटला असं कुणी सांगितलं, की तो माणूस वाड्यातून फ्लॅटमध्ये कुठल्या वर्षी गेला ते विचारा.

सनातनी शहर हळूहळू पुरोगामी होत गेलं, अशी सरळ रेघ ओढू नका. ज्या शहरात १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला, त्याच शहरात १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून पुढे टिळक-रानड्यांसह अनेकांवर ग्रामण्य (जातिबहिष्काराचा वाद) उभं राहिलं. १९२९ मध्ये पर्वतीच्या देवळात अस्पृश्य मानलेल्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला. दोन्ही प्रवाह एकाच वेळी वाहत होते. तुमच्याही तक्त्यात एक खूण पुढे सरकलेली आणि दुसरी मागे गेलेली दिसेल. तसंच राहू द्या, सरासरी काढू नका.

जपून ठेवणं

फोटोच्या नावात तारीख, सिटी सर्व्हे नंबर आणि दिशा घाला. मुलाखतीतली नावं बदलून दुसऱ्या फाईलमध्ये ठेवा. कोरा नमुना कागद, खुणांच्या व्याख्या आणि चालण्याच्या वेळा यांची एक छापील प्रत भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला द्या, एक गल्लीतल्याच कुणाकडे ठेवा. पाच वर्षांनी त्याच आठवड्यात, तोच कागद घेऊन, शक्यतो वेगळ्या माणसांनी पुन्हा चालावं. प्रश्न सुधारावेसे वाटले तर नवे खाली जोडा, जुने शब्द खोडू नका.